सांगू नये अशी गोष्ट

आमच्या घरात एक गोष्ट तेहतीस वर्षे कोणी उच्चारली नाही. तशी कोणाची आज्ञा होती असे नव्हे. परंतु माळ्यावरच्या एखाद्या बंद पेटीला वर्षानुवर्षे कोणी हात लावीत नाही, तसेच तिचे झाले होते.

१९९१ साली माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी येवल्याहून नाशकास माहेरी आली. सातवा महिना होता. तिवंध्याजवळच्या आमच्या वाड्यात डोहाळजेवण मोठ्या हौसेने झाले. त्या वेळचे छायाचित्र मजजवळ आहे. हिरवी साडी, फुलांची वाडी, आणि सुजलेल्या मनगटांत रुतलेल्या बांगड्या! ‘पाय सुजायचेच, चेहराही भरतोच,’ असे घरातल्या वडीलधाऱ्या बायका म्हणत. आणि त्यांना तरी दोष कसा द्यावा? निरोगी गरोदर बायकांचेही पाय सुजतातच. पुढे पंधरवड्याच्या आत ताईचे डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले, आणि एके पहाटे तिला झटके आले. मुलगी वाचली, ताई गेली. कोणी बाधा म्हटले, कोणी दृष्ट. मुलीला मात्र पुढे एवढेच सांगण्यात आले, की तुझी आई तापाने गेली.

तीच मुलगी २०२४ च्या श्रावणात माझ्याकडे आली आणि दोन महिने झाल्याचे हळूच सांगून म्हणाली, “मावशी, इतक्यात कोणाला बोलू नकोस हं. तीन महिने होऊ देत.”

त्या रात्री मला झोप आली नाही. ताईच्या दुखण्याविषयी मी मागाहून पुष्कळ वाचले होते. वैद्यकात त्यास प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० वर किंवा त्याहून अधिक चढतो, बहुधा लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, आणि दुखणे विकोपास गेले म्हणजे झटके येतात. परंतु त्याचे मूळ फार आधी रुजलेले असते. वारेला रक्त पुरविणाऱ्या गर्भाशयातील नागमोडी धमन्या पहिल्या काही महिन्यांत रुंद व्हाव्या लागतात. जणू शेतातल्या दांडाचा पाट व्हावा. ते नीट घडले नाही म्हणजे वार उपाशी राहते आणि मातेच्या रक्तात असे पदार्थ सोडते, की तिच्या रक्तवाहिन्यांचे अस्तरच बिघडावे. अशा एका प्रथिनाचा या विकारातील वाटा २००३ साली बोस्टन येथे डॉ. अनंत करुमांची व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. म्हणजे नाशकास सातव्या महिन्यात जे दिसले, त्याची सुरुवात येवल्यासच, कोणाला चाहूल लागण्यापूर्वी, झालेली होती.

प्रतिबंधाचा काळही तोच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, धोका अधिक असलेल्या स्त्रियांना अकराव्या ते चौदाव्या आठवड्यांत सुरुवात करून छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले, तेव्हा सदतिसाव्या आठवड्यापूर्वी प्रसूती करावी लागेल असा हा विकार निम्म्याहून कमी झाला. मात्र ते द्यायचे कोणाला, हे डॉक्टर ठरवितात ते प्रश्न विचारून. पहिली खेप आहे काय? रक्तदाब, मधुमेह, जुळे? आईला किंवा बहिणीला हे झाले होते काय? या शेवटच्या प्रश्नाचे माझ्या भाचीचे उत्तर ‘नाही’ असे होते, आणि खरे उत्तर मजपाशी होते.

सकाळी चहाच्या वेळी मी तिला सारे सांगितले. बराच वेळ ती कपाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे ताप नव्हता?”

“नव्हता.”

“मला नुसती कणकण आली तरी मी घाबरते, मावशी. लहानपणापासून.”

त्यावर मला काही बोलता आले नाही.

डॉक्टरीणबाईंनी बाराव्या आठवड्यात ॲस्पिरिन सुरू केले. पुढे कॅल्शियमच्या गोळ्या आल्या. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी, त्यांना त्यांचा या विकारापुरताही उपयोग होतो. (आमच्या पेठ-सुरगाण्याकडची नागली या बाबतीत तांदळाहून कितीतरी सरस, पण शहरात तिची भाकरी करतो कोण!) मीठ तोडावे, अंथरुणावर पडून राहावे, हे शेजारणींचे सल्ले मात्र बाईंनी मोडून काढले, त्यांनी हा विकार टळत नाही. सातव्या महिन्यात ती पुण्याहून नाशकास आली ती सर्व कागदपत्रे घेऊन. माहेरी जाण्याच्या धांदलीत नेमका याच महिन्यात तपासणीत खंड पडतो, आणि हे दुखणे तर मोजल्यावाचून कळत नाही. सरकारी दवाखान्यांतून दर महिन्याच्या ९ तारखेस गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी २०१६ पासून होते. आमच्या धुणेवालीच्या सुनेलाही मी तेथे पाठविले.

औषधाने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. सदतिसाव्या आठवड्यात भाचीचा रक्तदाब १४८/९४ झाला. बाईंनी वाट पाहिली नाही. वार सुटल्याशिवाय या दुखण्यावर खरा उतारा नाही. कळा आणवून प्रसूती केली. मुलगा झाला.

प्रसूतीनंतरही सहा आठवडे धोका राहतो. म्हणून बारशाच्या दिवशी पाळण्याशेजारी रक्तदाबाचे यंत्र होते. बायका जमल्या होत्या, पाळणा म्हणायचा खोळंबला होता. बाळंतिणीने हात पुढे केला. १२८/८२. “बघितलंस ना मावशी?” ती म्हणाली, आणि बाही खाली केली.