झटक्यानंतरची पावले
हृदयविकाराच्या झटक्यानंतर रुग्णाला औषधांइतकीच चालण्याचीही गरज असते, आणि नेमकी त्याचीच धास्ती वाटते. जिना चढताना जरा धडधडले की पाय थबकतो. घरचेही काळजीपोटी पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देतात. अशा वेळी मनगटावरचा फिटनेस ट्रॅकर खरोखर धीर देतो. त्याच्या पाठीमागचा हिरवा प्रकाश त्वचेखालच्या रक्तप्रवाहातले चढउतार टिपतो आणि त्यावरून नाडीचे ठोके मोजले जातात. पट्टा सैल असला की आकडा चुकतो.

रोज १०,००० पावलांचा दंडक मात्र या रुग्णांनी मनावर घेऊ नये. तो १९६५ मध्ये जपानात विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला, वैद्यकीय संशोधनातून नव्हे. आधी आठवडाभराची स्वतःची सरासरी पाहावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ती हळूहळू वाढवावी. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल, तर श्रम होऊनही नाडी फारशी चढत नाही. नाडीची कमाल मर्यादा काढण्याचे २२० वजा वय हे सूत्र तिथे फसवे ठरते. चालता चालता सहज बोलता येते का, ही कसोटी अधिक भरवशाची. छातीत दुखले किंवा घेरी आली, तर घड्याळ काहीही दाखवो, लगेच थांबून मदत मागावी.