कुठला पैलवान?

मैदानात जोड जाहीर होते तेव्हा पैलवानाच्या नावाला लागूनच त्याचं गाव येतं, तालीम येते, वस्तादांचं नाव येतं. कोल्हापूर-सांगली भागातल्या कुठल्याही जत्रेचं कुस्त्यांचं पोस्टर पाहा. छाती काढून उभ्या असलेल्या पैलवानाचा उघड्या अंगाचा फोटो, ‘पै.’ लावून नाव, असल्यास ‘केसरी’चा किताब आणि खाली ‘गंगावेश तालीम, कोल्हापूर’ किंवा ‘शाहूपुरी तालीम’. वजन बहुतेकदा छापलेलं नसतं, वय तर नसतंच, आणि बघणाऱ्यांचंही त्यावाचून काही अडत नाही. हलगी कडाडते, पैलवान हौद्यातली माती कपाळाला लावून फेरी मारतो आणि गर्दीतून पहिला प्रश्न येतो, ‘कुठला पैलवान?’ लोक त्याच्याकडून पुढे काय मागणार, हे या एका उत्तरावर ठरतं. माझं म्हणणं असं, की जाहीर झालेलं ठिकाण पैलवानाला घडवतं, त्याला वागायला भाग पाडतं. पण ही ताकद प्रत्येक ठिकाणाच्या नावात नसते. जिथल्या माणसांचा त्याच्यावर हक्क असतो, त्याच नावात ती असते.

टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीत नेमकी उलटी पद्धत आहे. तिथे आधी पात्र ठरतं, मग त्याला शोभेल असं गाव शोधलं जातं. अंडरटेकर म्हणून गाजलेला मार्क कॅलवे टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा, पण रिंगणात उतरताना तो डेथ व्हॅलीहून आलेला असायचा. ‘युगांडाचा राक्षस’ म्हणून मिरवलेला कमाला हा मिसिसिपीचा जेम्स हॅरिस. जपानी सुमो म्हणून उभा केलेला योकोझुना सामोअन घराण्यातला, जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा. कुणाला तर ‘अज्ञात प्रदेश’ एवढाच पत्ता दिला जाई. गावाच्या नावाने प्रेक्षकाच्या मनात चित्र उभं करण्याची ही कला मी हलकी मानत नाही. ती प्रेक्षकाला नीट ओळखून केलेली असते. पण त्या गावांचा त्या मल्लावर काही दावा नव्हता. डेथ व्हॅलीत अंडरटेकर हरल्याची खंत कुणाच्या घरी झाली नसेल.

आमच्याकडे गावाचं नाव खरं असतं, म्हणून त्याचं ओझंही खरं असतं. कोल्हापूरचं खासबाग मैदान घ्या; ते मंगळवार पेठेच्या अंगाला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1902 मध्ये युरोपचा प्रवास केला, रोमचं जुनं प्रेक्षागार पाहिलं आणि त्या धर्तीवर हे मैदान उभारलं. 1912 मध्ये ते खुलं झालं आणि पहिली मोठी कुस्ती लागली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या मल्लांची. उत्तरेकडचे, विशेषतः पंजाबी मल्ल महाराजांनी पदरी ठेवले, त्यांच्या खुराकाची सोय केली आणि त्यांच्यासमोर इथली पोरं उभी केली. त्यातून ‘पंजाबी’ हा शब्द या भागात एका स्वभावाचं नाव होऊन बसला: वजनदार, दमदार, न थकणारा. आज जत्रेच्या पोस्टरवर पंजाब, हरियाणा किंवा इराणचा मल्ल छापतात, तेव्हा समोरच्या कोल्हापुरी पैलवानाची भूमिकाही आपोआप ठरलेली असते. परक्याच्या ताकदीला डावाने आणि चपळाईने उत्तर देणारा, असा तो लोकांना हवा असतो. दिल्लीच्या सतपालच्या कुस्त्या युवराज पाटील आणि हरिश्चंद्र बिराजदार यांच्याशी झाल्या, तेव्हा ‘दिल्ली’ या शब्दाने निम्मं मैदान भरलं असणार, याबद्दल मला शंका नाही.

कोल्हापुरात आणखी एक गोष्ट आहे, जी बाहेरच्याला लवकर उमगत नाही. इथे तालीम हाच पत्ता आहे. मंगळवार पेठेतल्या पाटाकडील तालमीचं नाव घेतलं की आज बहुतेकांना फुटबॉल आठवतो; बालगोपाल, खंडोबा, दिलबहार या तालमींचंही तेच. शड्डूचा आवाज कमी झाला, तरी पेठेतला पोरगा स्वतःची ओळख तालमीच्या नावानेच सांगतो, गणपती त्याच नावाने बसतो, सामना हरला की त्याच नावाची मान खाली जाते. पैलवानाचं असंच आहे. जन्मगाव त्याला मिळालेलं असतं, तालीम त्याला कमवावी लागते. पहाटे उठून हौदा खणायचा, थोरल्या पैलवानांची अंगं चोळायची, जोर-बैठका काढायच्या, आणि अशी काही वर्षं गेल्यावर वस्ताद तालमीचं नाव त्याच्या नावापुढे लावू देतात. असं मिळालेलं नाव हौद्यात सांभाळावं लागतं. गंगावेशीचा पैलवान पट्टीच्या जोडीत नुसती खडाखडी करत राहिला, तर खासबागेतले लोक त्याला माफ करत नाहीत.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही, याचा सर्वांत चांगला पुरावा महाराष्ट्र केसरीच्या यादीत आहे. तिथे प्रवेश जिल्ह्यांच्या संघांतून होतो. एकाच जिल्ह्यात तोलामोलाचे अनेक मल्ल असले की काही जण दुसऱ्या जिल्ह्याकडून उतरतात. 2018 ला जालन्यात बाला रफिक शेख महाराष्ट्र केसरी झाला तो बुलडाण्याच्या नावावर; गाव मात्र सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याकडचं. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याजवळ फुलगावला अंतिम कुस्ती झाली. यादीप्रमाणे ती वाशीम विरुद्ध नांदेड होती. वाशीमचा म्हणून उतरलेला सिकंदर शेख हा मोहोळचा, गंगावेश तालमीत तयार झालेला. नांदेडचा म्हणून उतरलेला शिवराज राक्षे पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरकडचा. सिकंदरने झोळी डावावर ती कुस्ती अर्ध्या मिनिटाच्या आत निकाली केली. पण त्या दिवशी गुलाल उधळला गेला तो मोहोळचा आणि गंगावेशीचा पोरगा म्हणून. वाशीमचं नाव कागदावर अधिकृत होतं, तरी ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. वाशीमने त्याच्याकडून काही मागितलं नव्हतं आणि त्यालाही वाशीमला काही दाखवून द्यायचं नव्हतं. यात त्या मल्लांचा किंवा त्या जिल्ह्यांचा काही दोष नाही. नियमाने मिळालेल्या नावात जीव नसतो, एवढंच.

यावर जाणकार लगेच म्हणतील, की पैलवान घडवतो तो वस्ताद. गावाला आणि पेठेला उगाच श्रेय कशाला? आक्षेप वजनदार आहे. पण वस्ताद तरी कुठून येतो, हे पाहायला हवं. हरिश्चंद्र बिराजदार हे लातूर भागातल्या रामलिंग मुदगडचे. ते कोल्हापुरात गंगावेश तालमीत घडले, 1969 ला महाराष्ट्र केसरी, 1972 ला हिंद केसरी झाले आणि पुढे पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून उभे राहिले. लातूरचेच काका पवार त्यांच्या हाताखाली तयार झाले आणि काका पवारांच्या तालमीतून राक्षे, हर्षवर्धन सदगीर यांच्यासारखे मल्ल पुढे आले. वस्ताद ठिकाण सोडतो, पण त्या ठिकाणची शिस्त बरोबर घेऊन जातो. त्यामुळे वस्तादाचा प्रभाव हा माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. एका जागेचा स्वभाव दुसऱ्या जागी पोचवणारा माणूस तोच असतो.

दुसरा आक्षेप गादीचा. मॅट आलं, गुण आले, सहा मिनिटांची कुस्ती आली. सगळीकडचे पैलवान एकाच पद्धतीने पट काढतात, मग मोतीबाग तालीम काय नि शाहूपुरी काय? डावांपुरतं हे मला मान्य आहे. ढाक, घिस्सा, एकेरी पट हे कुठल्याही पेठेची मालमत्ता नाहीत. ठिकाण घडवतं ते पैलवानाचं मैदानातलं वागणं. गुणांवर पुढे असताना तो कडेकडेने फिरून वेळ काढतो की चितपटीसाठी पुन्हा आत शिरतो, बरोबरीत सोडवायला तयार होतो की नाही, हरल्यावर वस्तादांसमोर कसा उभा राहतो, हे नियमाच्या पुस्तकात नाही. ते त्याच्या पाठीमागे कोण बसलंय यावरून ठरतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: गावाच्या अभिमानातून संकुचितपणाच वाढेल. कधीकधी वाढतोही, आणि जोडीवरून झालेली भांडणं कुस्तीला शोभणारी नाहीत. पण कोल्हापूरचा इतिहास या भीतीला बऱ्यापैकी उत्तर देतो. 1959 चे पहिले हिंद केसरी श्रीपती खंचनाळे हे बेळगाव जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. राज्याची सीमा आड आली नाही, शाहूपुरी तालमीने त्यांना आपलं मानलं. दीनानाथ सिंह उत्तर प्रदेशातून आले, 1966 ला महाराष्ट्र केसरी आणि 1971 ला हिंद केसरी झाले आणि कोल्हापूरकरच झाले. दुसरीकडे मारुती माने यांच्यामुळे कवठेपिरान हे गाव, दादू चौगुले यांच्यामुळे अर्जुनवाडा हे गाव लांबलांबच्या लोकांना ठाऊक झालं. हक्क दोन्ही बाजूंनी चालतो. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, शिकले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी सात हजार रुपयांसाठी आपलं घर गहाण टाकलं. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले आणि कुस्त्या लढून मिळालेल्या पैशांतून त्यांनी ते घर सोडवलं. हेलसिंकीत त्यांच्या नावापुढे ‘भारत’ एवढंच होतं. त्यामागे गोळेश्वर आणि कोल्हापूर अशी दोन ठिकाणं उभी होती आणि दोन्ही त्यांच्यावर हक्क सांगत होती.

आता ‘कुठला पैलवान?’ हा प्रश्न नव्याने उभा आहे तो मुलींच्या कुस्तीत. 2023 च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून गदा जिंकली. पेठांतल्या जुन्या तालमी पिढ्यान् पिढ्या पुरुषांच्याच राहिल्या. तिथल्या हौद्यात मुलीला जागा नव्हती, म्हणून पोस्टरवर तिच्या नावाखाली तालमीची ओळही नव्हती. ही उणीव तालमींची आहे आणि ती त्यांनीच भरून काढायला हवी. तोवर दुसरी ठिकाणं पुढे आली आहेत. कागल तालुक्यातल्या मुरगूडच्या मंडलिक कुस्ती संकुलातून स्वाती शिंदे, नंदिनी साळोखे यांच्यासारख्या मल्ल आल्या, आणि आता मैदानात एखादी मुलगी शड्डू ठोकून उभी राहिली आणि निवेदकाने ‘मुरगूड’ म्हटलं, की समोरची पैलवान आधी तिच्या पायांकडे बघते, कारण पट कुठल्याही क्षणी येऊ शकतो, हे तिला त्या नावावरूनच कळतं.