सदुसष्टाव्या वर्षी दातांना तारा

वाचकहो, आज जेवताना एक लहानसे निरीक्षण करून पाहावे. घास तोंडात गेल्यावर तो कोणत्या बाजूस जातो, याकडे लक्ष द्यावे. ज्यांच्या दोन्ही बाजूंच्या दाढा शाबूत आहेत त्यांचा घास इकडून तिकडे सहज फिरतो. ज्यांची एक बाजू निकामी झाली आहे त्यांची जीभ मात्र प्रत्येक घास अचूक दुसऱ्या बाजूस लोटते आणि हे वळण तिला कधी लागले, ते त्यांना स्वतःलाही सांगता येत नाही. माझी जीभ पंधरा-सोळा वर्षे हेच करीत होती. पोळी उजवीकडे, भाकरी उजवीकडे, शेंगदाणा उजवीकडे.

डावीकडची खालची पहिली मोठी दाढ मी पन्नाशीत असतानाच काढावी लागली होती. या दाढेची कथा घरोघरी सारखीच असते. ती वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास येते, आणि कोणतीही दुधाची दाढ न पडता मागच्या रिकाम्या जागेत मुकाट्याने उगवते. त्यामुळे पुष्कळ घरांत तिला दुधाचीच समजतात. किडली तर पडेल आणि नवी येईल, असा सर्वांचा विश्वास असतो. नवी येत नाही. तोंडात सर्वांत आधी येणाऱ्या कायमच्या दातांपैकी ती एक, आणि पुष्कळदा सर्वांत आधी जाणारीही तीच.

दाढ गेली की तिची जागा तशीच मोकळी राहील, असे आपणांस वाटते. परंतु दात हा भिंतीत ठोकलेला खिळा नव्हे. शेजाऱ्यांच्या आणि समोरच्याच्या आधारावर तो आपल्या जागी उभा असतो. एस.टी.त डुलकी लागलेला प्रवासी शेजारच्या रिकाम्या जागेवर हळूहळू कलतो, तशी माझी मागची दाढ पुढे कलली होती. वरची दाढ, खालून अडवणारे कोणी न उरल्यामुळे, दोनेक मिलिमीटर खाली उतरली होती. दंतवैद्यांनी क्ष-किरण चित्र उजेडासमोर धरून हे दाखवले तेव्हा मला माझ्या कित्येक तक्रारींचा एकमेकींशी असलेला संबंध प्रथमच कळला. तोंड मिटताना खालचा जबडा सरळ वर न येता त्या उतरलेल्या दाढेला चुकवत किंचित उजवीकडे वळून येई. गाल वारंवार चावला जाई. सकाळी उठताना डाव्या कानशिलाजवळ जडपणा असे. कललेल्या दाढेच्या पुढच्या खाचेत अन्न अडकून तेथील हिरडी सुजे.

तेथे इम्प्लांट बसवून घ्यावे, अशा विचाराने मी गेले होते. परंतु सुमारे अकरा मिलिमीटर रुंदीच्या दाढेसाठी जेमतेम सहा मिलिमीटर जागा उरली होती. आधी कललेली दाढ उभी करायची, उतरलेली वर न्यायची, आणि मगच तेथे नवा दात. हे काम तारांचे, असे त्यांनी शांतपणे सांगितले.

आमच्या घरात ‘या वयात?’ हा प्रश्न तीन पिढ्यांनी तीन प्रकारे विचारला. एक्याण्णव वर्षांच्या सासूबाई म्हणाल्या, “आता कुणाला दाखवायचे आहेत गं दात?” मुलाने खर्च विचारला. आणि जिच्या स्वतःच्या दातांना तारा होत्या ती नात आनंदाने म्हणाली, “आजी, तू रबराचा रंग कुठला घेणार?”

सासूबाईंच्या प्रश्नाला उत्तर देणे मला आवश्यक वाटले, कारण तो बहुतेकांच्या मनात असतो. तारा म्हणजे सौंदर्य, हे समीकरण आपल्याकडे लग्नाळू वयाशी जोडले गेले आहे. परंतु माझा प्रश्न दिसण्याचा नव्हता, ताटाचा होता. मला मधुमेह आहे. चावता येईना तशी मोडाची उसळ, काकडीची कोशिंबीर, ज्वारीची भाकरी ही ताटातून मागे सरली आणि मऊ भात, दुधात बुडवलेला पाव, रव्याची खीर ही पुढे आली. साखरेचा तीन महिन्यांचा सरासरी आकडा ८.४ वर गेला. सासूबाईंचे औषधपाणी, आंघोळ, रात्रीचे उठणे हे सारे माझ्याकडे आहे. मी अंथरूण धरले तर दोघींचे कोण करणार, हा विचार रंगीत रबरापेक्षा फार मोठा होता.

उतारवयात हाड पक्के झालेले असते, मग दात हलेल कसा, ही शंका रास्त आहे. दात आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांचा एक अतिशय पातळ थर असतो; मिलिमीटरच्या सुमारे एक पंचमांश जाडीचा. तारेने दातावर सौम्य, सततचा दाब आला की ज्या बाजूस दात ढकलला जातो तेथील हाड पेशी झिजवतात, आणि मागे सुटलेल्या बाजूस दुसऱ्या पेशी नवे हाड भरतात. ही क्रिया वयाबरोबर थोडी मंदावते, थांबत नाही. साधारण महिन्याला एक मिलिमीटर, हा वेग समजावा. घाई करून जोर वाढवला तर दात लवकर सरकत नाही, उलट मुळाला इजा होते. म्हणून वयस्कांत वयापेक्षा हिरड्यांची तपासणी महत्त्वाची. हिरड्यांचा आजार आटोक्यात नसताना तारा लावल्या तर उरलेले हाडही गमावण्याची भीती असते. माझे पहिले तीन महिने केवळ हिरड्यांची स्वच्छता आणि साखर खाली आणणे यांतच गेले.

जबडा मिटल्यावर वरच्या-खालच्या दातांचा मेळ कसा असावा, याची पद्धतशीर वर्गवारी एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने १८९९ मध्ये मांडली, आणि त्याने आधार धरला तो पहिल्या मोठ्या दाढेचाच. माझ्या गेलेल्या दाढेचा मान एवढा मोठा होता, हे मला तिच्या पश्चात कळले!

तारा लावणे दुखत नाही. त्यानंतरचे तीन-चार दिवस दुखतात. त्या दिवसांत मी मुगाची खिचडी आणि ताकावर काढले. गालाला घासणाऱ्या टोकावर लावायला मेण मिळते, ते जवळ असावे. वरची दाढ वर नेण्यासाठी हाडात दोन इवलेसे स्क्रू बसवले. केवळ त्या जागेपुरती भूल पुरली आणि मी रिक्षाने घरी आले. दाढा एकमेकींवर आदळू नयेत म्हणून मागे निळ्या सिमेंटचे ठिपके दिले होते, त्यामुळे पाच-सहा आठवडे धड कोणतीच बाजू चावेना. हा मधला काळ प्रत्येकाने आधीच जाणून घ्यावा. दातांची जुनी, वाकडी का होईना, पण सवयीची मांडणी मोडलेली असते आणि नवी अजून जुळलेली नसते. अनेकांचा धीर येथेच सुटतो. आणखी एक खास आपल्या स्वयंपाकघराचा मुद्दा: पारदर्शक रबरे हळदीने दोन दिवसांत पिवळी पडतात. नातीच्या सल्ल्याने मी राखाडी घेतली.

आठव्या महिन्यात एके दुपारी शेपूची भाजी आणि भाकरी खाताना घास डावीकडे गेला. मी पाठवला नव्हता, तो गेला. उभी झालेली दाढ आणि तिच्या वरची, दोन्ही सपाट पृष्ठांनी एकमेकींना भेटल्या होत्या. जबडा सरळ मिटू लागला. गाल चावला जाणे बंद झाले, आणि दाढेपुढची खाच गेल्यामुळे हिरडीची सूजही. इम्प्लांटला जागा झाली. आता कोशिंबीर ताटात परतली आहे. साखरेचा आकडा ७.१ आहे, त्यात बदललेल्या गोळ्यांचाही वाटा आहे, सगळे श्रेय तारांना देणे खरे होणार नाही.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. कानापुढच्या सांध्यात जबडा उघडताना जो टक् असा आवाज येतो, तो तारांनी जाईल असे कोणी ठामपणे सांगत असेल तर थोडे थांबावे. या सांध्याच्या दुखण्याला स्नायूंचा ताण, रात्री दात आवळणे, संधिवात अशी अनेक कारणे असतात, आणि केवळ त्यासाठी तारा लावण्याला पुरेसा आधार नाही. माझा कानशिलाचा जडपणा कमी झाला, आवाज मात्र अजून येतो.

आता ज्यांच्या हाती घरातील वृद्धांची काळजी आहे त्यांच्यासाठी. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळी किंवा इंजेक्शन चालू असेल, मग ते आठवड्याचे असो की वर्षातून एकदाचे, तर दंतवैद्यांना ते पहिल्याच भेटीत सांगावे. ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब ही नावे चिठ्ठीवर असतील. यांतील काही औषधांमुळे दात हलण्याचा वेग घटतो, आणि दात काढणे किंवा स्क्रू बसवणे यांनंतर जबड्याचे हाड न भरण्याचा धोका, कमी असला तरी, असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. सांगाव्यात, पण आपल्या मनाने बंद करू नयेत. ज्या औषधांनी तोंड कोरडे पडते त्यांमुळे तारांभोवती कीड लवकर धरते. अशा वेळी फ्लोराइडयुक्त पेस्ट आणि दातांच्या फटींतून फिरणारा बारीक ब्रश यांना पर्याय नाही. हात थरथरत असतील तर हे काम दुसऱ्याने करावे लागते. तेवढा वेळ रोज देणे जमणार नसेल तर तारांचा विचार न करणेच हिताचे. कवळी असलेल्यांना किंवा फार थोडे दात उरलेल्यांना इतर उपाय आहेत.

आणि वृद्ध माणसे तक्रार करीत नाहीत, त्यांचे ताट बोलते. कडा सोडून खाल्लेली पोळी, आमटीत भिजत ठेवलेली भाकरी, ‘भूक नाही’ म्हणून बाजूला सारलेली उसळ. सासूबाईंची खालची कवळी सैल झाली आहे, हे मला असेच ताटावरून कळले. माझ्या पुढच्या तपासणीला त्याही बरोबर येणार आहेत. दात कुणाला दाखवायचे, हा त्यांचा प्रश्न आता दंतवैद्यांपुढे सुटेल.

तारा निघून पाच आठवडे झाले. दातांची जुन्या जागी परतण्याची ओढ मोठी असते, म्हणून रात्री रिटेनर घालावा लागतो, आणि तो वर्षानुवर्षे. सकाळी धुऊन लगेच डबीत ठेवावा. कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेला रिटेनर हमखास कचऱ्यात जातो. नातीचा एक असाच गेला. आता आमच्या कपाटात दोन डब्या शेजारी शेजारी असतात, तिची निळी आणि माझी पांढरी, आणि झाकणांवर मी मोठ्या अक्षरांत नावे लिहिली आहेत.