व्हट

मराठी शाळेत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासूनचं इंग्रजी 2000 साली आलं; माझी पाचवी 1978ची. आटपाडी तालुक्यातली शाळा, पत्र्याचं छप्पर. सरांनी फळ्यावर ‘व्हिलेज’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत काढला आणि मला वाचायला उठवलं. मी खणखणीत आवाजात वाचलं, ‘इलेज’.

माझ्या परीनं मी बरोबरच वाचलं होतं. आमच्याकडे विळ्याला इळा म्हणतात, विस्तवाला इस्तू, वेळेला येळ, विहिरीला हीर. पुढं इ किंवा ए दिसला की व गुपचूप काढता पाय घेतो. सर म्हणाले, ‘‘खालचा ओठ वरच्या दातांखाली धर आणि फुंकर मार.’’ मग सगळ्या वर्गानं ओठ धरून फुंकर मारली. पुढच्या बाकावरच्या पोरींच्या वेण्या ओल्या झाल्या, पण व्ह काही कुणाला सापडला नाही.

घरी येऊन मी कुंकवाच्या पेटीतला आरसा घेतला आणि उंबऱ्यात बसले. दात टेकवायचे, आवाज काढायचा, आरशावर धुकं धरलं की परकराला पुसायचा. आई चुलीपुढून ओरडली, ‘‘काय गं, व्हट का चावतीयास? फुटला का काय?’’

‘व्हट’ म्हणजे ओठ. इ-एच्या पुढून पळून जाणारा आमचा व, ओ दिसला की बोलावलं नसताना येतो, तोही ह ला बरोबर घेऊन. होय चं व्हय, होतं चं व्हतं, ओठाचं व्हट. सर जो आवाज काढायला सांगत होते त्याचा निम्मा तरी आईच्या तोंडात आयता होता. हे तेव्हा ना सरांना सुचलं, ना मला.

1985 साली पुण्याला वसतिगृहात आले. डिसेंबरची थंडी, ओठ उललेले. खोलीतल्या मुलींना विचारलं, ‘‘माझ्या व्हटाला चीर पडलीय, कुणाकडं व्हॅसलिन हाय का?’’ मुली गादीवर लोळून हसल्या. व्हटाला हसल्या, व्हॅसलिन मात्र न हसता काढून दिलं. एकाच वाक्यात दोनदा आलेला तोच आवाज, एकदा गावंढळ, एकदा इंग्रजी. ‘ती फुलराणी’ रंगमंचावर येऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. वसतिगृहातल्या प्रत्येकीला त्यातली गावरान बोलणारी फुलवाली प्रिय होती, खोलीत मात्र ती कुणालाच नको होती. वर्षभरात मी व्हट, व्हतं, व्हय सगळं पुसून टाकलं, परकराला आरसा पुसावा तसं. एम.ए. इंग्रजीत केलं, शिक्षिका झाले.

1998च्या उन्हाळ्यात प्रशिक्षणाला हैदराबादला गेले, सीआयईएफएल या इंग्रजीच्या संस्थेत. तिचं आता इफ्लू विद्यापीठ झालंय. तिथं पहिल्यांदा कळलं की सव्वीस अक्षरांच्या या भाषेत आवाज चव्वेचाळीस धरतात, वीस स्वर आणि चोवीस व्यंजनं. डॅनियल जोन्सचा 1917 साली पहिल्यांदा निघालेला उच्चारकोश टेबलावर असायचा, पण मी जास्त शिकले ते कागदाच्या एका चिठोऱ्यानं. चिठोरा ओठांपुढे धरायचा आणि ‘पिन’ म्हणायचं. इंग्रजाच्या ‘पिन’ला कागद फडफडतो, माझ्या ‘पिन’ला ढिम्म. कारण आपण कुंकवासारखा कोरडा प टेकवतो, त्यांच्या प मागून श्वास येतो. म्हणून आपली पिन त्यांच्या कानाला ‘बिन’च्या जवळ जाते. स्वतःच्या भाषेत प आणि फ दोन्ही असताना ही गोष्ट मला तिशीला पोचताना कळावी याचा जरा रागच आला.

मग आरसा. पुन्हा तोच खालचा ओठ, तेच वरचे दात. इंग्रजीत दोन आवाज आहेत: एकात दात ओठाला टेकून हवा घासते, दुसऱ्यात दातांचं कामच नाही, शिटी मारायला करावा तसा ओठांचा चंबू. आपला व या दोघांच्या मधल्या बांधावर उभा. दात ओठाजवळ जातात, पण घासत नाहीत. आपल्या कानानं मात्र पहिल्या आवाजातली ती घसट बरोबर टिपली आणि मराठी लेखणीनं तिला ह जोडला. हिंदी ‘टीवी’ लिहिते, आपण ‘टीव्ही’. वॉच, वेस्ट यांना साधा व. व्हॅन, व्हिक्टोरिया यांना व्ह. ॲ आणि ऑ यांना सरकारी वर्णमालेत जागा मिळायला 2009 साल उजाडावं लागलं. व्ह ला कुणाची परवानगी लागली नाही, कारण ‘नव्हे’ आणि ‘जिव्हाळा’ यांत तो आधीपासून राहतच होता. अर्थात लिहिण्यात वेगळे ठेवलेले हे दोघं बोलताना आपण सर्रास एकमेकांत मिसळतो, हेही खरं.

ग्रंथालयात डिकन्सचं ‘पिकविक पेपर्स’ हाती लागलं. त्यातला सॅम वेलर, अस्सल लंडनचा गडी, हे दोन आवाज बिनदिक्कत उलटेपालटे करतो. भर कोर्टात त्याला नावाचं स्पेलिंग विचारतात आणि तो शांतपणे चुकीचं अक्षर सांगतो. मी एकटीच वाचत होते, तरी मोठ्यानं हसले. राणीच्या गावातही व्हट होते तर!

माझ्या मुलीचा मुलगा लंडनजवळ वाढतोय. माझी आई त्याच्याशी फोनवर व्हिडिओनं बोलते, त्या व्हिडिओला ती ‘इडिओ’ म्हणते. गेल्या डिसेंबरात तो गावी आला. सगळ्यांना परसातली विहीर दाखवायची घाई झालेली. त्याला शब्द शिकवला, तर त्यानं खालचा ओठ दातांत धरून असा काही व काढला, की पाचवीच्या सरांनी त्याला खांद्यावर घेतलं असतं.

आई खाटेवरून वाकली. ‘‘आरं लेकरा, व्हट नगं चावू. हीर म्हण, हीर.’’

‘‘हिअर?’’ तो म्हणाला आणि पायाखालच्या फरशीकडे बघू लागला.