फोटोच्या पाठीवरचं नाव

माझं माहेर पहूरचं. मुंबईत हे नाव सांगितलं की समोरची बाई हमखास विचारते, "पहूर? ते कुठे आलं?" मग मी म्हणते, "अजिंठ्याला गेला असाल ना? मग तुम्ही पहूरवरूनच गेलात. फक्त खाली उतरला नाहीत."

जळगावहून नेरीमार्गे अजिंठ्याकडे निघालेली एसटी लेण्यांच्या आधी जिथे घटकाभर थांबते, ते आमचं पहूर. तालुका जामनेर. पहूर पेठ आणि पहूर कसबे अशी दोन गावं, भोवती कपाशी आणि केळी. गावाजवळून वाहते ती वाघूर. अजिंठ्याच्या डोंगरात नालेच्या आकाराचं वळण घेऊन जिने लेण्यांना जागा करून दिली, तीच ही नदी. तिथून ती आमच्याकडे उतरते आणि पुढे तापीला मिळते.

माझा व्यवसाय फोटोग्राफीचा. मुंबईत तीस वर्षं झाली. नोकरी नाही, कुणी बोलावलं तर काम, नाही तर घरी. तुम्हाला वाटेल, काय मजेचं आयुष्य! मजा आहेच, पण खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, हातात स्टँड, बगलेत छत्री अशी मी सकाळच्या लोकलमध्ये चढते, तेव्हा बायका माझ्याकडे कशा बघतात ते एकदा पाहायला हवं! लग्नं, मुंजी, साड्यांची कॅटलॉगं, मसाल्याची पाकिटं, जे येईल ते करायचं. भरल्या वांग्याचा फोटो काढायचा तर वांग्यांवर ब्रशने तेल फिरवून तकाकी आणायची, आणि दोन तास दिव्यांखाली राहिलेलं ते वांगं शेवटी टाकून द्यायचं. महागडी भिंगं विकत कुठली परवडायला! ती भाड्याने आणायची. कॅमेरा बिघडला की बोरा बाजार गाठायचा. आणि काम झाल्यावर बिलाचे पैसे? ते तीन महिन्यांनी आले तरी लवकर आले म्हणायचं.

अशात एका वर्षी मला एका कंपनीच्या कॅलेंडरचं काम मिळालं. बारा महिने, बारा चित्रं. मी हौसेने एक प्रत पहूरला पाठवली. आईने ती ओट्यावरच्या भिंतीला लावली. आळीतल्या बायका बघून गेल्या. मी माहेरी गेले तेव्हा आईने कॅलेंडरचं पान न् पान उलटून माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "याच्यात तुझं नाव कुठी हाये व माय?"

नाव कुठेच नव्हतं. कंपनीचं होतं, छापखान्याचं होतं, तिथीवार सगळं होतं. मी हसून म्हटलं, "अगं, असंच असतं." पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो प्रश्न काही जाईना.

मुंबईला परतल्यावर मी जरा चौकशी केली. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. कुणी पैसे देऊन आपल्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या फोटोचा मालकी हक्क पैसे देणाऱ्याकडे जातो. म्हणजे ती बारा चित्रं माझी नव्हतीच! पण त्याच कायद्यात आणखी एक गोष्ट आहे. मालकी गेली तरी "हे मी केलं आहे" असं म्हणण्याचा हक्क काढणाऱ्याकडेच राहतो. आई शाळेची पायरी चढलेली नाही. पण तिने नेमकं त्यावरच बोट ठेवलं होतं.

तेव्हापासून कामाच्या कागदावर मी एक ओळ घालू लागले : "छायाचित्राखाली नाव द्यावे." त्या ओळीपायी दोन-तीन गिऱ्हाइकं गेली. कॅलेंडरही पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे गेलं. हे म्हणाले, "एका ओळीसाठी काम घालवायचं?" त्यांचंही खरंच होतं; घराचे हप्ते चालू होते. खोटं कशाला सांगू, अजूनही कधी कधी ती ओळ मी गिळते. पण निदान काय गिळते आहे ते आता ठाऊक असतं.

अशा वेळी मला होमाई व्यारावाला आठवतात. १९१३ साली नवसारीला जन्मलेली ही पारशी मुलगी मुंबईत जे. जे. स्कूलमध्ये शिकली आणि भारतातली पहिली स्त्री वृत्तछायाचित्रकार ठरली. 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये तिला एका फोटोचा एक रुपया मिळे. आणि सुरुवातीचे तिचे फोटो छापून येत ते नवऱ्याच्या, माणेकशॉंच्या नावाने! २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या.

आमच्या भागातही कॅमेऱ्याचा एक जुना माणूस होऊन गेला. रॉबर्ट गिल नावाचा हा इंग्रज लष्करी अधिकारी १८४४ साली अजिंठ्याची चित्रं उतरवून घ्यायला आला आणि इथेच रमला. वर्षानुवर्षं खपून त्याने केलेल्या मोठमोठ्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला होता. ते फोटो मात्र पुस्तकात छापले गेले आणि टिकले. १८७९ साली तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याची पारो अजिंठा गावात चिरविश्रांती घेते आहे. १८५६ साली ती गेली, तेव्हा गिलने दगडावर तिचं नाव कोरून घेतलं. ना. धों. महानोरांनी तिच्यावर काव्य लिहिलं, पुढे २०१२ साली चित्रपटही निघाला. पण मला वाटतं, त्या दगडावर नाव नसतं तर कुठली पारो आणि कुठलं काव्य!

माझं स्वतःचं म्हणावं असं काम एकच आहे. त्याचे पैसे कुणी दिले नाहीत, म्हणून ते सगळं माझं! ते म्हणजे आमची पीजे. पाचोरा ते जामनेर, छप्पन्न किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी. एके काळी अजिंठा बघायला येणारे प्रवासीही हिनेच येऊन पहूरला उतरत. मुंबईहून रात्रीच्या गाडीने पाचोऱ्याला उतरायचं आणि पीजे धरायची, ही माझी माहेरची वाट. दर खेपेला एक रोल फक्त पीजेसाठी. छत्तीस फोटो. दुधाचे कॅन, केळीचे घड, माहेरवाशिणी, बिबड्यांची टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीत गाडी थांबली, ती त्या अरुंद रुळांवर पुन्हा सुटलीच नाही. रुंद रूळ येणार म्हणतात. येवोत, सोय होईल.

गेल्या हिवाळ्यात मी ते सारे फोटो पेटीत घालून पहूरला नेले. आईने कळण्याची भाकरी आणि भरीत केलं होतं. जेवणं झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. आई एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून नावं सांगायची : ही शेंदुर्णीची, ही पेठेतल्या शिंपिणीची सून, हा दूधवाला, आता नाही बिचारा. मी मागे लिहीत गेले.

तुम्हीही हे कराच. घरातले जुने फोटो काढा आणि वडीलधाऱ्या माणसांना शेजारी बसवून नावं विचारून घ्या. फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा. बॉलपेन नको; त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो, शाईही उतरते. गाव लिहा, साल लिहा. चिकट पानांच्या अल्बमात फोटो ठेवू नका आणि पेटी ओलीच्या भिंतीला लावू नका.

संध्याकाळ झाली तशी मी पेन्सिल खाली ठेवली. आईने शेवटचा फोटो उलटा करून पाहिला. तिला वाचता येत नाही. पण ओळी मोजता येतात.

"नावं झाली," ती म्हणाली. "अन् काढणारी कोन? ते बी लिही."

मी पहिल्या फोटोपासून पुन्हा सुरुवात केली.