टीव्हीवरच्या घटनातज्ज्ञांस

महोदय,



आपली ओळख एकतर्फी आहे. जून २०२२ पासून पुढं दीड-दोन वर्षं तुम्ही जवळजवळ रोज संध्याकाळी आमच्या घरी येत होतात. पडद्याच्या एका चौकोनात तुम्ही, मागं जाड पुस्तकांची रांग, आणि उरलेल्या चौकोनांत एकमेकांवर ओरडणारे प्रवक्ते. तुमचा घसा बसलाय हे आमच्या हिला तुमच्या घरच्यांच्या आधी कळत असावं.

मी वकील नाही. तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून नोकरी केली. निकाल लागला की पक्षकार नकलेसाठी टेबलाशी यायचा आणि विचारायचा, "भाऊसाहेब, आपल्या बाजूनं लागलं ना?" मी नक्कल उलटी करून शेवटचं पान काढायचो. तिथं 'आदेश' असा मथळा असतो आणि खाली चार-पाच ओळी. आधीच्या पानांत प्रतिवादीची कितीही खरडपट्टी निघालेली असो, वादीच्या पदरात पडायचं ते त्या ओळींतूनच. त्यानंतरचं ऐकताना पक्षकाराचा चेहरा उतरायचा. हुकूमनामा झाला म्हणजे जमीन ताब्यात आली असं नसतं. समोरचा आपणहून देत नसेल तर दरखास्त लावायची, वॉरंट काढायचं, मग बेलिफ जाणार.

११ मे २०२३ ला तुमच्याकडून मला हे शेवटचं पान हवं होतं.

त्या दिवशी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठानं शिवसेनेतल्या फुटीतून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाचा निकाल दिला. एका वाहिनीवर 'दणका', दुसरीवर 'दिलासा'. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजू जिंकल्या होत्या! खोटं कुणीच बोलत नव्हतं. राज्यपाल कोश्यारी यांनी बहुमत चाचणीला बोलावणं समर्थनीय नव्हतं, असं न्यायालय म्हणालं. हा दणका. पण तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं न जाता २९ जूनच्या रात्री राजीनामा दिला, म्हणून त्यांचं सरकार परत आणता येत नाही. हा दिलासा. ताशेरे एकाच्या वाट्याला आले, आदेश दुसऱ्याच्या. हे तुम्ही सांगू पाहत होतात, नाही असं नाही. पण तुम्ही 'परंतु' म्हणालात की निवेदक जाहिरात लावायचा.

माझी खरी तक्रार प्रतोदाबद्दल आहे. फुटलेल्या शिंदे गटाचे भरत गोगावले यांना मुख्य प्रतोद म्हणून दिलेली मान्यता बेकायदेशीर, प्रतोद नेमायचा तो राजकीय पक्षानं, विधिमंडळ पक्षानं नव्हे, असं न्यायालयानं सांगितलं. तुम्ही यालाच निकालाचं मर्म म्हणालात. वाक्य वजनदार होतंच. मात्र त्याच्या पोटात एक प्रश्न उरला होता : राजकीय पक्ष कोणता, हे ठरवणार कोण? आमदारांच्या अपात्रतेपुरतं ते विधानसभा अध्यक्षांनी ठरवायचं, तेही वाजवी मुदतीत, असं त्याच निकालात होतं. म्हणजे हुकूमनामा हाती होता आणि दरखास्त अध्यक्षांच्या दालनात. सर्वोच्च न्यायालयानं मग कान टोचले, आधी ३१ डिसेंबरची आणि नंतर १० जानेवारीची मुदत दिली, तेव्हा १० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी निर्णय वाचला. पक्षात फूट पडली त्या वेळी शिंदे गट हाच मूळ पक्ष, सबब गोगावले यांची नेमणूक वैध, आणि अपात्र कुणीही नाही, ना इकडचा ना तिकडचा. प्रतोद पक्षाचाच असावा हे तत्त्व तसूभरही न हलवता निकाल पार उलटा झाला. त्या रात्री तुम्ही थक्क झालेले दिसलात. आमच्या कोर्टातला बेलिफ थक्क झाला नसता.

आणि ते ३७! शिवसेनेचे आमदार ५५, त्यांचे दोन तृतीयांश ३७. जून २०२२ मध्ये गुवाहाटीच्या हॉटेलात कितवा आमदार पोचला याचं धावतं समालोचन चाललं होतं आणि ३७ झाले की सुटले, असा समज चहाच्या टपरीपर्यंत पोचला होता. एक तृतीयांश आमदार फुटले तर फूट मानायची, ही पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टातली सवलत २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं काढून टाकली. दोन तृतीयांशांचा आकडा राहिला तो विलीनीकरणासाठी. विलीन तर इथं कुणी कुणात होत नव्हतं. नुसत्या मोजणीनं बचाव होत नाही, हे तुम्ही पहिल्याच आठवड्यात ठणकावून सांगायला हवं होतं. तुम्ही सांगितलंत, पण मागं ३७ चा आकडा फिरत होता आणि तुम्हीही त्याच्याकडं बघत होतात.

बेलिफच एका बाजूचा असला तर काय करायचं, हा मुद्दा नवा नाही. अध्यक्ष या कामात न्यायाधिकरणासारखे असतात आणि त्यांच्या निर्णयाची तपासणी न्यायालय करू शकतं, हे १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात ठरलं. २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं अपात्रतेचा अर्ज एरवी तीन महिन्यांत निकाली काढावा असं म्हटलं आणि हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडं द्यायचा विचार संसदेनं करावा असंही सुचवलं. आपल्याकडं निर्णयालाच दीड वर्ष लागलं. त्याला दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयात होतं तोवर नोव्हेंबर २०२४ ची निवडणूक आली, जुनी विधानसभा संपली. ज्यांना अपात्र ठरवायचं ते पुन्हा मतदारांपुढं जाऊन आले. रोजनाम्यावर नुसत्या तारखा पडत राहिल्या.

म्हणून एक मागणं आहे. अध्यक्षांना हटवण्याची नोटीस दिली की अपात्रतेच्या निर्णयापुरते त्यांचे हात बांधले जातात, हा २०१६ च्या नबाम रेबिया निकालाचा नियम. जून २०२२ मध्ये उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्या विरोधात हीच नोटीस पुढं आली. २७ जूनला न्यायालयानं आमदारांना अपात्रतेच्या नोटिशीच्या उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत मुदत वाढवून दिली, आणि त्या पंधरवड्यातच सरकार बदललं. रेबियाचा तो नियम बरोबर की चूक, हे पाच न्यायमूर्तींनी सात न्यायमूर्तींकडं सोपवलं. यावर एक कार्यक्रम करा. आत्ता करा, कुणी हॉटेलात नसताना. प्रवक्त्यांना बोलावू नका. फळा आणि खडू पुरेल, आणि सोबत निकालाची नक्कल, शेवटच्या पानावर उघडलेली.

कळावे,
आपला,
एक निवृत्त लिपिक