तांडेलाची बैठक

कंबरदुखीच्या रुग्णाला दिले जाणारे सल्ले बहुतेक वेळा घरात बसणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात. खुर्ची फार मऊ नसावी, पाठ टेकलेली असावी, पावले जमिनीवर सपाट असावीत, दर अर्ध्या तासाने उठून चार पावले टाकावीत. या सूचना योग्यच आहेत. परंतु ज्याच्या पायाखालची जमीनच हलती आहे आणि ज्याला जागा सोडून उठण्याची मुभा नाही, त्याने काय करावे, याचे उत्तर त्यांत सापडत नाही. माझ्या मोठ्या मामांच्या दुखण्यात हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला.

मामा आता ७२ वर्षांचे आहेत. तारुण्यात ते मासेमारीच्या मोठ्या होडीवर खलाशी होते, पुढे तांडेल झाले. साठीनंतर त्यांनी खोल समुद्र सोडला आणि दाभोळच्या खाडीत स्वतःची लहानशी २४ फुटी होडी चालवू लागले. फायबरची होडी, पोटात डिझेलचे इंजिन आणि त्यावर जेमतेम दोन माणसे मावतील अशी काचेची केबिन. वाशिष्ठीच्या दोन्ही तीरांवरच्या वाड्यांमधून नारळ, सिमेंटच्या गोण्या, लग्नाची वऱ्हाडे, क्वचित आजारी माणसे, असे जे मिळेल ते ते वाहून नेत. केबिनमध्ये बसण्याची सोय नव्हती. तांडेलाने सुकाणूवर उभेच राहायचे असते, हा त्यांच्या पिढीचा अलिखित नियम.

गेल्या तीन-चार वर्षांत मात्र दहा-पंधरा मिनिटे उभे राहिले की त्यांच्या पोटऱ्या जड होत, मुंग्या येत आणि पावले आपली नाहीतच असे वाटू लागे. सुकाणूच्या चाकावर ओणवे झाले की थोड्या वेळाने बरे वाटे. मामींना वाटे, वयाचा थकवा. चिपळूणला ज्या डॉक्टरांकडे मी त्यांना नेले, त्यांनी तपासण्यापूर्वीच एक प्रश्न विचारला : “चालताना पाय भरून आले, तर नुसते थांबल्याने बरे वाटते, की बसल्यावर?” मामा म्हणाले, “बसल्यावर. नाहीतर वाकल्यावर.” या एका उत्तराने बरेचसे निदान झाले. पायांचा रक्तपुरवठा कमी पडत असेल, तर रुग्णाला उभ्या-उभ्या थांबूनही आराम पडतो. मणक्यातील मज्जारज्जूची नलिका कमरेपाशी अरुंद झाली असेल, तर मात्र बसावे किंवा पुढे झुकावे लागते. वयोमानाने चकत्यांची उंची घटते, सांधे आणि आतील बंध जाड होतात, आणि नसांना मिळणारी जागा आक्रसते. पाठ मागे ताणली की ती जागा आणखी कमी होते, पुढे झुकली की थोडी मोकळी होते. म्हणूनच अशी माणसे सायकल तासभर चालवू शकतात, पण बसथांब्यावर उभी राहू शकत नाहीत. मामांच्या एमआरआयने हेच सांगितले.

व्यायाम, गोळ्या आणि ‘उभे राहून होडी चालवणे बंद’ एवढे ठरले. शस्त्रक्रियेचा विचार तूर्त नको. परंतु लघवी-शौचावरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल एकाएकी लुळे पडू लागले, तर एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठायचे, असे डॉक्टरांनी आम्हा दोघींना बजावले. मामांनी या सगळ्यातले एकच वाक्य ऐकले, आणि त्यातलाही ‘उभे राहून’ हा भाग गाळून. परतताना एसटीत ते अवाक्षर बोलले नाहीत. मामींना तर होडी विकलेलीच हवी होती. गिऱ्हाईकही येऊन गेले होते.

“मामा, तुम्हाला बसून चालवायला कुणी मनाई केलेली नाही,” मी म्हटले.

“गो, बसून गाडा हाकतात. होडी नाही,” ते म्हणाले.

त्यांच्या या बोलण्यात नुसता हट्ट नव्हता, हे मला केबिनमध्ये गेल्यावर कळले. दोन दिवस त्यांनी प्लास्टिकची खुर्ची ठेवून पाहिली होती. उभ्या तांडेलाचे डोळे पाण्यापासून साधारण २.२ मीटर उंचीवर असतात. त्या खुर्चीत ते १.८ मीटरवर येत. होडीची नाळ पाण्यावर १.१ मीटर उंच आणि केबिनपासून साडेचार मीटर पुढे. हिशेब केला, तर उभ्या माणसाला नाळेपुढचे साडेचार मीटर पाणी दिसत नाही, आणि खुर्चीतल्या माणसाला सात मीटर. दाभोळच्या खाडीत त्या अडीच मीटरच्या फरकात जाळ्याचा बोया असतो, वाहत आलेला ओंडका असतो, कधी एखाद्या पोराची लहान डोणी असते. शिवाय खुर्ची मोकळी; होडी कलली की तीही सरके. उभे राहण्याचा त्यांचा नियम मानापमानाचा होता तितकाच नजरेचाही होता.

म्हणून आधी उंची ठरवायची असे ठरले. पावसाळ्यामुळे होडी किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारलेली होती, त्यामुळे वेळ हाताशी होता. मामींच्या स्वयंपाकघरातले पाट आम्ही केबिनमध्ये नेले आणि एकावर एक रचत मामांना बसवून पाहिले. एक पाट वाढवायचा, त्यांनी काचेतून नाळेकडे पाहायचे, मग उतरून पुन्हा बसायचे. वीतभर उंचीला काहीच दिसेना, दीड हाताला डोके छताला लागण्याची भीती. शेवटी ६२ सेंटिमीटरवर त्यांनी मान डोलावली. त्या उंचीवर न दिसणारे पाणी साडेपाच मीटरवर आले, आणि दुसरा एक लाभ आपोआप पदरात पडला : इतक्या उंच बैठकीवरून उठताना गुडघे-मांड्यांना फार जोर लावावा लागत नाही, माणूस नुसता पुढे सरकून पायांवर उभा राहतो. घरातल्या वृद्धांना ठेंगण्या सोफ्यातून उठवताना जी ओढाताण होते, तिचेही मूळ बहुधा गुडघ्यांइतकेच त्या सोफ्याच्या उंचीत असते.

उंच बैठकीत पाय लोंबकळतात आणि मांडीची मागची बाजू फळीच्या काठावर दाबली जाते. त्यावर उपाय म्हणून सुताराने जमिनीपासून २० सेंटिमीटरवर पाय टेकण्यासाठी आडवी पट्टी ठोकली आणि बैठकीची पुढची कड रंधून गोल केली. बैठकीची खोली अशी ठेवली, की पाठ टेकल्यावर कड आणि गुडघ्याची खोबण यांत तीन बोटे सहज जावीत. हे तीन बोटांचे माप घरातल्या कोणत्याही खुर्चीला लावून पाहावे. पुष्कळ खुर्च्या त्यात नापास होतात, आणि मग म्हातारी माणसे पुढे घसरून कमरेत पोक काढून बसतात.

पाठीच्या टेक्याने मात्र आम्हाला बरेच दिवस घेतले. मुंबईच्या एका नातलगाने कमरेमागे ठेवायची जाड, फुगीर उशी मोठ्या प्रेमाने पाठवली होती. अशा उश्यांची शिफारस सरसकट केली जाते, आणि त्यामागे आधारही आहे. स्वीडनचे अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला, तेव्हा आधाराविना ताठ बसलेल्या माणसाच्या चकतीवर उभ्या माणसापेक्षा अधिक दाब आढळला. पुढच्या संशोधकांना हा फरक तितका मोठा दिसला नाही. पण पाठीला आधार मिळाला आणि माणूस थोडा मागे रेलला की दाब उतरतो, हे टिकून राहिले. ज्याची चकती सरकली आहे, त्याला कमरेचा बाक सांभाळणारी उशी बहुधा सुखावते. मामांचे दुखणे याच्या नेमके उलट जातीचे. ती उशी कमरेला पुढे ढकली, बाक वाढवी, आणि दहा मिनिटांत पायांना मुंग्या! उशी मामींच्या वाट्याला गेली. त्या आता ती दुपारी डोक्याखाली घेतात. मामांसाठी सुताराने दोन रुंद पट्ट्यांचा सपाट टेका केला, खाली नितंबांना जागा सोडून. आणि बैठक सुकाणूपासून इतक्या अंतरावर बसवली, की चाक धरले की धड आपसूक किंचित पुढे झुकावे. एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘कंबरदुखी’ला एकच आसन मानवत नाही, हे मी वाचले होते, त्या उशीने ते दाखवून दिले.

बसण्याचा पृष्ठभाग आम्ही जुन्या बाजेच्या नायलॉन नवारीने विणला. तिला थोडा झोल असतो, पाणी तिच्यातून निथळून जाते आणि खालून वारा लागतो. वर दोन बोटे जाडीचा घट्ट फोम, मेणकापडात शिवलेला, आणि त्यावर काथ्याची पातळ गादी. नुसते रेक्झीन कोकणच्या घामट हवेत कातडीला चिकटते आणि माणूस त्यावरून घसरतो. मामांना मधुमेह नाही. ज्यांना आहे, त्यांच्या घरच्यांनी बसण्याच्या हाडांवरची कातडी आठवड्यातून दोनदा तरी पाहावी, कारण संवेदना कमी झालेल्या माणसाला दाबाची जखम कळत नाही.

सुताराचा मूळ आग्रह भंगारातल्या ट्रकची स्प्रिंगची सीट आणण्याचा होता. ‘साहेबासारखे डुलाल,’ असे तो मामांना म्हणे. डुलणे हीच अडचण होती. बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वांत जास्त साथ देते, आणि चुकीची स्प्रिंग ती कंपने शमवण्याऐवजी वाढवू शकते. मोठी लाट आली की मऊ सीट दबून तळ गाठते, आणि तो दणका थेट मणक्याला बसतो. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांमध्ये अशा एका दणक्याने मणका चेपला गेल्याची उदाहरणे डॉक्टरांना नवीन नाहीत. (मालवणकडे पर्यटकांच्या वेगवान होडीत आजी-आजोबांना कौतुकाने सर्वांत पुढे बसवतात. तेथेच उसळी सर्वांत जास्त असते. त्यांची जागा मागे, मध्यावर.) इंजिनाची बारीक थरथर अडवण्यासाठी आम्ही बैठकीखाली जुन्या टायरचे तुकडे घातले आणि ती होडीच्या लाकडी आडव्यांना बोल्टने आवळली. लाटांवरचा उपाय मामांकडेच होता. दुपारनंतर समुद्राचा वारा चढतो, ओहोटीचे पाणी त्याच्या विरुद्ध जाते आणि अंजनवेलसमोर, खाडीच्या मुखाकडे, लाटा उभ्या होऊ लागतात. तेथे ते इंजिन मंद करतात, बैठकीच्या कडेला सरकतात आणि गुडघे वाकवून अर्धवट उभे राहतात. मिनिटभराचे ते उभे राहणे त्यांचे पाय सहन करतात. माणसाच्या पायांइतकी चांगली स्प्रिंग भंगारात मिळत नाही, हे सुतारालाही अखेर पटले.

उजव्या हाताला एक भक्कम कठडा आहे. डावीकडे मुद्दाम नाही, कारण दार तिकडे आहे. बैठकीखालच्या पेटीत जीवरक्षक जॅकेटे राहतात. मामांचे स्वतःचे मात्र त्यांनी अंगात घालायचे, ही मामींची अट. होडी न विकण्याच्या मोबदल्यात ती त्यांनी पदरात पाडून घेतली.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली. पाय भरून येणे थांबलेले नाही, पण तासभराच्या फेरीला आता अडथळा येत नाही. सरळ पट्ट्यात भाचा सुकाणू धरतो आणि मामा उठून दोन मिनिटे पाठ गोल करून उभे राहतात. एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. पूर्वी मामा सकाळपासून दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत, कारण लघवीला जाण्यासाठी केबिनमधून बाहेर पडणे त्या पायांना अवघड होई. भर चैत्रात ते कोरडे राहत, आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येत. आता उठणे-उतरणे सोपे झाल्यावर पाण्याची बाटली रिकामी होऊन घरी येते. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्या कितीतरी वृद्धांचे पाणी न पिणे असेच एखाद्या अवघड खुर्चीशी किंवा उंच उंबऱ्याशी बांधलेले असते; ते मुद्दाम विचारावे लागते, स्वतःहून कोणी सांगत नाही.

धक्क्यावरून पाहणाऱ्याला केबिनच्या काचेत मामांचे डोके जवळजवळ पूर्वीच्याच जागी दिसते. पहिला महिनाभर काही जणांना ते बसले आहेत हेच कळले नाही, याचा त्यांना झालेला आनंद लपत नव्हता. कळल्यावर दोन समवयस्क तांडेल बैठकीचे माप घ्यायला टेप घेऊन आले. मामांनी त्यांना माप दिले नाही. “माझ्या मापात तुमची कंबर बसायची नाही,” असे म्हणून त्यांनी पाट काढले आणि त्यांच्याच होडीत जाऊन त्यांना बसवून पाहिले. तेव्हापासून ते पाट या होडीतून त्या होडीत फिरत आहेत. गणपतीत माणसे जेवायला बसली, तेव्हा मामींना तीन पाट शेजारून मागून आणावे लागले.